‘पाळकसाहेब’ आणि ‘दरबारी’ : सातारा-सांगलीकडील ख्रिस्ती नेतृत्वाचा एक विचार

मराठी ख्रिस्ती समाजाच्या नित्य बोलण्यात ‘पाळकसाहेब’ असा एक शब्द आहे. शब्दसंग्रहाच्या निमित्ताने सांगली-मिरजेकडे हिंडत असता प्रस्तुत लेखकाच्या कानांवर तो इतक्या वेळा आला की, त्यातील विसंगती ध्यानात येण्यास बराच काळ जावा लागला. ‘पाळक’ म्हणजे राखणारा, कळपाबरोबर ऊनपाऊस सोसणारा. ‘साहेब’ म्हटले की कचेरी, पट्टेवाला आणि दाराबाहेर ताटकळणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. ज्याने कळपात असावे त्याला कचेरीत बसविणारा हा समास कोणा पंडिताने घडविलेला नाही. तो लोकांनी घडविला, आणि तोही आदरानेच घडविला. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाला तो मोलाचा वाटावयास हवा. एखाद्या समाजाने आपल्या पुढाऱ्याला कोणत्या नावाने हाक मारली, ह्यावरून त्या पुढाऱ्याचे स्थान जितके कळते तितके त्याच्या नेमणुकीच्या कागदावरून कळत नाही.

ख्रिस्ती धर्मातील प्रामाणिक आणि जबाबदार नेतृत्व म्हणजे काय, हा प्रश्न सामान्यतः धर्मशास्त्राचा समजला जातो. येथे तो इतिहासाच्या अंगाने घ्यावयाचा आहे, आणि विशेषणे हातात घेऊनच तो घेणे सोयीचे आहे. ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’ ह्यापासून निघालेला. ज्याचे बोलणे पुराव्यादाखल ग्राह्य धरावे तो प्रामाणिक. ‘जबाबदार’ हा शब्द अरबी-फारसीकडून आला. ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार. म्हणजे पहिल्या शब्दात माणूस आणि त्याची वाणी ह्यांचा संबंध आहे, तर दुसऱ्यात माणूस आणि त्याला विचारणारा दुसरा कोणी ह्यांचा. एखादा पुरुष पूर्ण प्रामाणिक असून जबाबदार नसू शकतो. जबाब मागणाराच कोणी नेमलेला नसेल तर तसे होणे अगदी स्वाभाविक आहे. उलट, एखादा अत्यंत जबाबदार असेल, परंतु त्याचा जबाब ज्यांच्यासाठी तो काम करतो त्यांच्याकडे न जाता भलतीकडेच जात असेल. सातारा आणि सांगली ह्या दोन ठिकाणी, साधारणतः 1889 ते 1933 ह्या काळात, हे दोन्ही प्रकार इतक्या ठसठशीतपणे समोर येतात की, त्यांची उदाहरणे अन्यत्र शोधण्याचे कारण पडत नाही.

प्रदेशाविषयी दोन शब्द. आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो तो त्या काळी नव्हता. सातारा हा छत्रपतींचे राज्य 1848 मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजी अमलाखाली आलेला मुलूख. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मिशनांची वाटणीही काहीशी अशीच होती. साताऱ्यास अमेरिकन मराठी मिशन होते. त्याचे मूळ बोस्टनच्या अमेरिकन बोर्डात. अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र, आणि सातारा व वाई ही दक्षिणेकडील ठाणी. सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते. त्याचा आरंभ 1852 मध्ये रॉयल वाइल्डर ह्यांनी कोल्हापुरास केला आणि 1870 नंतर ते प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. पहिल्या मिशनची मंडळीविषयक कल्पना अशी की, प्रत्येक स्थानिक मंडळी ही स्वतंत्र, आपला कारभार आपण पाहणारी. दुसऱ्याची अशी की, निवडलेल्या वडिलांच्या सभेने कारभार पाहावा. दोहोंतही सत्ता वरून खाली यावयाची नव्हती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवली पाहिजे.

आता नव्या कराराच्या मराठी भाषांतरात पुढाऱ्यासाठी कोणते शब्द आले ते पाहू. सेरामपूरास कॅरी ह्यांनी पंडित वैजनाथ ह्यांच्या साह्याने नवा करार मराठीत आणून 1811 मध्ये छापला; मुंबईस अमेरिकन मिशनऱ्यांनी आपले भाषांतर 1826 मध्ये पुरे केले; आणि पुढे शतकभर हे काम सुधारत गेले. ह्या परंपरेत स्थिरावलेले शब्द असे : पाळक, वडील, अध्यक्ष, सेवक, कारभारी. समुदायासाठी ‘मंडळी’. (‘मंडळी’ हा शब्द घरात बायकोसाठीही वापरला जात असल्यामुळे पाळकाने ‘माझी मंडळी’ म्हटले की परक्या श्रोत्याच्या चेहऱ्यावर जी रेषा उमटते ती पाहण्यासारखी असते.) ह्यांतील एकही शब्द मालकीचा नाही. ‘वडील’ हा घरातला शब्द आहे. ‘सेवक’ उघडच आहे. ‘कारभारी’ मात्र थोडे थांबून पाहावा. सांगली-मिरजेसारख्या संस्थानांत कारभारी म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक होते. कारभाऱ्याच्या हाती खजिना असतो, शिक्का असतो, माणसांचे बरेवाईट असते. पण त्यातले त्याचे काहीच नसते, आणि मालक ज्या दिवशी हिशेब मागेल त्या दिवशी तो मांडावा लागतो. लूकच्या सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याची गोष्ट ह्या भागातील श्रोत्याला पॅलेस्टाइनची न वाटता शेजारच्या वाड्यातली वाटली असेल.

आणि ह्या सर्वांच्या समोर उभा असलेला एक शब्द : ‘मोलकरी’. योहानाच्या दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळाच्या विरुद्ध जो ठेवला आहे तो हा. तो मोलाने राखतो, म्हणून लांडगा दिसताच पळतो. ग्रंथात ‘मोलकरी’ हा दूषणाचा शब्द होता. व्यवहारात मात्र पाळकाला मोल मिळत होते, आणि ते मंडळीकडून न मिळता मिशनकडून मिळत होते. मराठी ख्रिस्ती नेतृत्वाची सारी अडचण ह्या एका वाक्यात सापडते.

ह्यासाठी मिशनऱ्यांना सरसकट दोषी धरणे अन्यायाचे होईल. त्यांचे धोरण कागदावर तरी वेगळेच होते. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे 1854-55 मध्ये स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा आणि आपला प्रसार आपण करावा, ही त्यांची त्रिसूत्री. आणि त्यासाठी देशी पाळकांना लवकर दीक्षा द्यावी असा त्यांचा आग्रह. नगरास त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्यांना दीक्षा मिळाली. परंतु मंडळीतील बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतील, भूमिहीन किंवा भूमिहीनांसारखेच. त्यांनी पाळकाचा संसार चालवावा कशातून? 1876-78 च्या दुष्काळात आणि पुन्हा 1899-1900 च्या दुष्काळात मंडळीच मिशनच्या अन्नावर जगली. तेव्हा पगार मिशनचा राहिला, आणि ज्याचा पगार त्याचा जबाब हा जगाचा न्याय तेथेही लागू झाला. मिशनच्या बैठकीत पगार, बदल्या आणि शाळा ठरत. तेथे मत असे ते मिशनऱ्यांना. तत्त्वाने स्वतंत्र असलेल्या मंडळीचा पाळक व्यवहाराने दूरच्या एका कचेरीचा नोकर झाला. ‘पाळका’ला ‘साहेब’ चिकटला तो येथे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण नोकराचा मोठेपणा हा मालकाच्या मोठेपणावरून मोजला जातो.

ही अडचण एकट्या महाराष्ट्राची नव्हती. 1910 मध्ये एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत तेलुगू प्रदेशातील वेदनायगम अझरिया ह्यांनी भाषण केले. परदेशी मिशनरी देहदंड सोसतात, दानधर्म करतात, हे सर्व मान्य करून त्यांनी मैत्रीची मागणी केली. दोनच वर्षांनी ते अँग्लिकन पंथाचे पहिले हिंदी बिशप झाले. मागणी मैत्रीची होती आणि मिळाले ते पद, असे म्हटले तर थोडे कठोर होईल. पण त्या काळच्या रीतीवर त्यात बराच प्रकाश पडतो.

ह्या पार्श्वभूमीवर नारायण वामन टिळक साताऱ्यास आले. त्यांचे चरित्र सर्वांस परिचित आहे. येथे विषयापुरतेच स्मरण करू. जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा; चित्पावन ब्राह्मण; संस्कृताचा अभ्यास, कवित्वशक्ती आणि अस्वस्थ स्वभाव ही तिन्ही तरुणपणापासून सोबतीला. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला; 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील वीसबावीस वर्षे अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या सेवेत गेली. धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन, 1904 मध्ये दीक्षा, 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन. ह्याच काळात त्यांच्या घरी बालकवी राहिले, आणि मराठी मंडळ्यांतून आज गायिल्या जाणाऱ्या भक्तिगीतांपैकी कितीतरी गीते ह्याच वर्षांत लिहिली गेली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो, अशा अर्थाचे ते बोलत. ज्यांना मिशनने सर्वांत मानाने वागविले अशा हिंदी सेवकांत त्यांची गणना करावी लागेल. म्हणजे मिशनने छळले म्हणून ते बाहेर पडले असे नाही. तसे असते तर त्या घटनेला एवढे महत्त्वही नसते.

1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. संसार सोडला नाही. संन्याशाची वृत्ती मात्र पत्करली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचे ते एक बंधुमंडळ असावे, अशी योजना होती. ह्या दुसऱ्या वर्गाला दार उघडणे ही गोष्ट लहान नव्हती. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे नाव मंडळीच्या पटावर चढते, आणि पटाच्या संख्येवरून मिशनच्या कामाचे मोजमाप होते. न घेतलेल्यांना बंधू म्हणणे म्हणजे मोजणीचे मापच बाजूला ठेवणे होय. टिळकांवर जुन्या मंडळींतून जो रोष झाला त्याचे मूळ धर्मसिद्धांतात जितके होते, तितकेच ह्या हिशेबातही असावे.

येथे ‘दरबार’ ह्या शब्दापाशी थांबणे अवश्य आहे. टिळक संस्कृतज्ञ, त्यांच्या काळात संस्थेला नाव देण्याची रीतही संस्कृतच. प्रार्थना समाज 1867 चा, सत्यशोधक समाज 1873 चा, आर्य समाज 1875 चा. टिळकांचे चरित्रकार विन्स्लो ह्यांनी 1922 मध्ये स्थापिला तो ख्रिस्त सेवा संघ. ‘समाज’, ‘संघ’, ‘सभा’, ‘आश्रम’ हे सारे शब्द हाताशी असताना ह्या कवीने फारसी ‘दरबार’ उचलला. समाजात सभासदांचे नाते मुख्यतः एकमेकांशी असते. त्यात अध्यक्ष होतो, चिटणीस होतो, वर्गणी येते. दरबारात सर्वांची तोंडे एका आसनाकडे असतात. त्या आसनावर राजा असेल, तर बाकीचे केवळ दरबारी; त्यांच्यात दुसरा साहेब संभवत नाही. नव्या करारातील ‘देवाचे राज्य’ ही कल्पना छत्रपतींच्या राजधानीत मांडावयाची तर ह्याहून जवळचा शब्द मिळणे कठीण होते. वारकरी संतांनी विठ्ठलाला ‘पंढरीचा राणा’ केलेच होते. तेव्हा राजवैभवाची भाषा आणि भक्ती ह्यांची सांगड मराठी मनाला नवी नव्हती.

म्हणजे ‘पाळकसाहेब’ ह्या समासाला टिळकांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘दरबारी’ हा शब्द, असे मानावयास हरकत नाही. पाळकाचा जबाब मिशनकडे जात होता. दरबाऱ्याचा जबाब थेट राजाकडे जावयाचा होता. मधली कचेरी त्यांनी काढून टाकली. वयाच्या छपन्नाव्या वर्षी, प्रकृती ठीक नसताना, ठरलेला पगार सोडून हे करणारा माणूस आपल्या वाणीला प्रमाण होता ह्यात शंका नाही. ‘प्रामाणिक’ हे विशेषण त्यांना व्युत्पत्तीसह लागू पडते.

दुसऱ्या विशेषणाचे काय? येथे इतिहासकाराला थोडे अप्रिय बोलावे लागते. दरबार हा शब्द जितका समतेचा वाटतो तितका तो इतिहासात नव्हता. सातारचा असो, पुण्याचा असो, की सांगलीचा असो, दरबार म्हणजे मानपानाची, कोणी कोठे बसावे ह्याची अत्यंत काटेकोर व्यवस्था. ती मोडली ती राजा स्वतः समोर नाही म्हणून. पण राजा समोर नसला म्हणजे त्याच्या वतीने बोलणाऱ्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. टिळकांच्या ठिकाणी कवीचे तेज होते, वक्तृत्व होते, आणि शिष्यांवर जीव टाकण्याची वृत्ती होती. दरबार त्यांच्याभोवती जमला. त्याला घटना नव्हती, निधी नव्हता, दुसऱ्या क्रमांकाचा माणूस नव्हता. आणि टिळकांना ‘हे असे का?’ म्हणून विचारण्याचा अधिकार कोणाकडेच सोपविलेला नव्हता. मिशनच्या कचेरीपासून सुटका झाली ती जबाब मागणाऱ्या प्रत्येक माणसापासूनही झाली. दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, 9 मे 1919 रोजी, मुंबईस त्यांचा अंत झाला. त्यांच्यानंतर दरबार फार काळ टिकला नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. नोकरी सोडली तरी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी मृत्यूपर्यंत केले. 1842 पासून चाललेले मिशनचे हे पत्र दरबाराच्या संस्थापकाने सोडले नाही, आणि मिशननेही ते त्याच्या हातून काढून घेतले नाही. दोन्ही पक्षांना शोभणारी ही गोष्ट आहे. तसेच, टिळक मंडळीतून बाहेर पडले नाहीत. त्यांनी नवा पंथ काढला नाही. ज्यांना ते ‘बंडखोर’ म्हणून आवडतात त्यांच्या हे लक्षात राहत नाही, आणि ज्यांना ते ‘मंडळीचे कवी’ म्हणून आवडतात ते दरबाराचे नाव घेत नाहीत.

टिळकांना जबाब विचारणारे कोणी नव्हते असे वर म्हटले, त्याला एक अपवाद आहे, आणि तो घरातलाच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिच्याकडे आपण आत्मचरित्र म्हणून, विनोदाचा नमुना म्हणून, स्त्रीजीवनाचे साधन म्हणून पाहतो. प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने ती हिशेबाची वही म्हणूनही वाचावी. हातात आलेला पैसा नवऱ्याने कोणाला देऊन टाकला, घरात किती माणसे अकस्मात जेवावयास आली, न सांगता तो कोठे निघून गेला, रागाच्या भरात काय केले आणि मागाहून कसा कळवळला, हे सर्व तीत आहे; आणि ते सांगताना नवऱ्याविषयीची ओढ एका ओळीतही कमी झालेली नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी टिळकांनी एका अर्थाने ह्या बाईला विचारले नव्हते. ती पाच वर्षे वेगळी राहिली आणि 1900 मध्ये, स्वतःच्या मनाची वाट स्वतः चालून, ख्रिस्ती झाली. नेत्याच्या त्यागाची किंमत प्रथम त्याच्या घरात वसूल होते, ही गोष्ट धर्मोपदेशाच्या पुस्तकांत क्वचित येते. ‘स्मृतिचित्रां’त ती पानोपानी आहे.

टिळकांचे अपुरे राहिलेले काम पुरे झाले तेही ह्याच हातांनी. ‘ख्रिस्तायन’ ह्या महाकाव्याचे दहा-अकरा अध्याय लिहून टिळक गेले. पुढील साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. 1936 मध्ये त्या वारल्या आणि 1938 मध्ये ग्रंथ बाहेर पडला. ज्यांना शाळेचे शिक्षण नव्हते, लिहिणे-वाचणे ज्या लग्नानंतर शिकल्या, त्या बाईंनी दरबाराचा एकच दरबारी टिकला असे दाखवून दिले. आपल्या वाङ्मयेतिहासात ह्या श्रमाचा उल्लेख बहुधा एका ओळीत होतो.

साताऱ्याहून आता सांगली-मिरजेकडे वळू. तेथील उदाहरण टिळकांच्या अगदी उलट आहे, आणि तितकेच बोलके. डॉ. विल्यम वानलेस हे 1889 मध्ये प्रेसबिटेरियन मिशनतर्फे सांगलीस आले, आणि थोड्याच वर्षांनी त्यांनी आपला मुक्काम मिरजेस हलविला. रेल्वेचा फाटा मिरजेस असल्यामुळे रोगी तेथे सहज पोचत. 1894 मध्ये तेथे त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रियेसाठी त्याची ख्याती दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरली; कुष्ठरोग्यांसाठी वेगळी वसाहत झाली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले; सांगली-मिरजेच्या मधल्या भागाला ‘वानलेसवाडी’ हे नाव पडले. 1928 मध्ये इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ ही पदवी दिली, आणि 1933 मध्ये अमेरिकेत त्यांचा मृत्यू झाला.

वानलेस ‘साहेब’ होते, हे उघड आहे. आणि त्यांचा जबाब न्यूयॉर्कच्या बोर्डाकडे जात होता, हेही उघड आहे. परंतु वैद्यकाला एक कडक परीक्षक असतो. तो म्हणजे खाटेवरचा रोगी. तो बरा झाला की नाही हे कोणत्याही अहवालाने झाकता येत नाही. मिरजेच्या कामाला जी विश्वासार्हता आली ती ह्या रोजच्या जबाबामुळे. दुसरे असे की, वानलेस ह्यांनी आरंभापासूनच देशी तरुणांना वैद्यक शिकविण्यास घेतले. ते शिकून खेड्यापाड्यांत गेले, आणि मिरज हे वैद्यकीय शिक्षणाचे स्थान झाले. 1962 मध्ये तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा त्याला वानलेस रुग्णालयाचा आधार होता. टिळकांनी जे केले नाही, म्हणजे आपल्यामागे काम चालविणारी माणसे तयार करणे, ते वानलेस ह्यांनी केले.

मात्र त्यालाही मर्यादा होती. शिकलेले विद्यार्थी देशी होते. रुग्णालयाची सूत्रे परदेशी डॉक्टरांकडेच राहिली, आणि स्वातंत्र्यानंतरही काही काळ तशीच होती. कौशल्य दिले गेले, अधिकार देण्यास उशीर झाला. ज्यांना शस्त्र हाती धरण्यास शिकविले त्यांना हिशेबाची किल्ली देण्यास इतकी वर्षे लागावीत, हे कोडे केवळ वंशाभिमानाने सुटत नाही. दात्यांचा पैसा दात्यांच्या माणसाकडेच असावा अशी संस्थेची जी सहजप्रवृत्ती असते तिचाही त्यात वाटा आहे. आपल्या विद्यापीठांनाही ती अपरिचित नाही, एवढेच म्हणून पुढे जाऊ.

ह्या दोघांच्या मधोमध, ख्रिस्ती नसलेले, पण ह्याच जिल्ह्यातले एक नाव तुलनेसाठी घेतले पाहिजे. टिळक वारले त्याच वर्षी, 4 ऑक्टोबर 1919 रोजी, कऱ्हाडजवळील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. 1924 मध्ये ती साताऱ्यास आली. भाऊरावांच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नीने अंगावरचे दागिने मोडले. त्यांचेही नाव लक्ष्मीबाई. साताऱ्याच्या इतिहासात हा योगायोग दोनदा घडावा, हे नुसते योगायोग म्हणून सोडून देणे जड जाते. भाऊरावांच्या ठिकाणी टिळकांचा फकिरी बाणा होता, आणि वानलेस ह्यांची संस्था उभारण्याची हातोटीही होती. शिवाय त्यांचा पैसा सुरुवातीला रयतेच्या मूठमूठ धान्यातून आला, म्हणून जबाबही रयतेलाच द्यावा लागला. मराठी ख्रिस्ती मंडळीला ह्या शेवटच्या गोष्टीची अनुकूलता नव्हती, कारण तिच्या लोकांपाशी ती मूठही नव्हती.

तरीही मंडळीत बदल झाला, आणि तो सावकाश झाला. 1924 मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत एकत्र आल्या. सातारा आणि सांगली ह्यांच्यामधली मिशनांची सीमा अशा रीतीने पुसट झाली. पाळकाचा पगार हळूहळू मंडळीच्या सभांकडे आला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरास ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संघटना झाली, आणि जेथे पूर्वी बिशप हे पदच नव्हते त्या मंडळ्यांना बिशप आले. भाषांतरकारांनी नव्या करारातील ह्या पदासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द घातलेला होता; त्याचा मूळ ग्रीक अर्थ देखरेख करणारा असा आहे. व्यवहारात मात्र तो शब्द कोणी घेतला नाही. इंग्रजी ‘बिशप’ तसाच राहिला, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यामागे ‘साहेब’ लागला.

मिरजेस एका वृद्ध बाईंना प्रस्तुत लेखकाने विचारले होते की, पाळकाला नुसते ‘पाळक’ का म्हणत नाहीत? त्या म्हणाल्या, ‘‘तोंडावर म्हणायचं तर साहेब म्हणावं लागतं. घरी आम्ही त्यांना भाऊच म्हणतो. माझ्या धाकट्याच्या आजारपणात रात्रभर उशाशी बसले होते.’’ शब्दसंग्रहाच्या चिठ्ठीवर अर्थाच्या रकान्यात हे दोन्ही प्रयोग लिहून घेतले आहेत.